काळजाचे मोजमाप

'काळीज' हा शब्द आपण मराठी माणसे धैर्यासाठी वापरतो आणि मायेसाठीही वापरतो. वाघाचे काळीज, आईचे काळीज, काळजाचा तुकडा असे म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हृदय असते. परंतु खाटकाच्या दुकानी जाऊन कलेजी मागितली तर तो हृदय देत नाही, यकृत देतो. शब्दाचा हा जुना अर्थ त्याने जपून ठेवला आहे. आज आम्हांस ज्या काळजाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत ते हेच. उजव्या बरगड्यांच्या आड असलेले, सुमारे दीड किलो वजनाचे, तपकिरी रंगाचे आणि स्वभावाने अत्यंत मुके.

व्याख्यानासाठी हा विषय सुचविला तेव्हा आमचे एक मित्र म्हणाले, "अहो, एमआरआय आणि यकृत हा विषय वैद्यकीय परिषदेचा. वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्या मैदानात बसलेल्या श्रोत्यांना त्याचे काय?" आमचे उत्तर असे की, आज वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही चार घरांत चौकशी करावी, एखाद्या तरी घरी कपाटात 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असा शेरा असलेला सोनोग्राफीचा कागद सापडेल. त्या कागदाने घाबरावे की तो विसरून जावा, हे घरातल्या कोणासच ठाऊक नसते. तेव्हा विषय परिषदेचा नाही, घरचाच आहे.

मुका अवयव

यकृत मुके का, हे आधी पाहू. या अवयवाच्या आत वेदना जाणणारे मज्जातंतू जवळजवळ नाहीत. ते आहेत केवळ त्याच्या वरच्या पातळ आवरणात. त्यामुळे आतला संसार हळूहळू नासत गेला तरी दुखत नाही. दुसरे असे की, या अवयवाची ताकद गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असते. निरोगी यकृताचा निम्म्याहून अधिक भाग शस्त्रक्रियेने काढला तरी माणूस जगतो आणि उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून तूट भरून काढतो. एवढी ऐपत असलेला कुटुंबप्रमुख घरात तोटा आला तरी बाहेर बोलून दाखवीत नाही, तद्वत यकृताचे होते. ज्या दिवशी डोळे पिवळे दिसतात, पोटात पाणी साठते किंवा रक्ताची उलटी होते, त्या दिवशी दिवाळे निघालेलेच असते. मधली दहा-वीस वर्षे त्याने सोसून काढलेली असतात, आणि उपाय करावयाचा तर तो त्या मधल्या वर्षांतच.

यकृताचे विकार दोन जातींचे. एका जातीत एखादी गाठ किंवा गळू एका जागी असते. ते चित्रात दिसते, त्यावर बोट ठेवता येते. दुसऱ्या जातीत विकार सबंध यकृतभर पसरलेला असतो. पेशीपेशीत चरबी साठते, किंवा लोह साठते, किंवा पेशींच्या मधून चिवट तंतूंचे जाळे विणले जाते. या दुसऱ्या जातीत बोट कोठे ठेवणार? मिठाचा खडा भातात सापडतो. भातच खारट झाला असेल तर खडा शोधून उपयोग नाही, भात किती खारट आहे हे सांगावे लागते. पसरलेल्या विकाराचा प्रश्न 'कोठे' असा नसतो, 'किती' असा असतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे सोपे होईल.

आपल्या जिल्ह्यातील वाटा

यकृत बिघडण्याच्या वाटा जगभर सारख्याच असल्या तरी प्रत्येक प्रदेशात काही वाटा अधिक वहिवाटीच्या असतात. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू होऊन अर्धशतक लोटले. गांधी-विनोबांच्या कर्मभूमीत ती असावी हे उचितच. परंतु कायद्याने दुकान बंद होते, तहान बंद होत नाही. मोहाची हातभट्टी आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणारी बाटली या गोष्टी गावोगावच्या बायांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. ही झाली पहिली वाट.

दुसरी वाट चरबीची. पूर्वी यकृतात चरबी म्हणजे लठ्ठ आणि सुखवस्तू माणसाचे दुखणे, असा समज होता. तो आता टिकत नाही. पश्चिम बंगालातील बीरभूम या ग्रामीण जिल्ह्यात केलेली पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे नऊ टक्के प्रौढांच्या यकृतात चरबी आढळली, आणि त्यांतील बहुतेक माणसे आपण ज्यांना सडपातळ म्हणू अशीच होती. आपल्या पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले होते की, येथले नवजात बालक इंग्रज बालकापेक्षा वजनाने पुष्कळ कमी असते, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने राखून असते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आकृती आपल्या बाजारात रोज दिसते. मधुमेह आणि ही चरबी या सख्ख्या बहिणी आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने मधुमेह, रक्तदाब यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चरबीच्या यकृताचाही समावेश केला, तो यासाठीच.

तिसरी वाट कावीळ 'ब' आणि 'क' या विषाणूंची. हे रक्तातून शिरतात आणि काहींच्या यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम करतात.

चौथी वाट खास विदर्भाची म्हटली पाहिजे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागात आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली वैद्यकीय जगाच्या नजरेस आणले. ज्या मुलांना या आजारात, किंवा थॅलेसेमियात, वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या यकृतात लोह साठते. याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. निरोगी माणसाच्या सर्व शरीरातले लोह तीन-चार ग्रॅम. शरीरातून रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह आपोआप झडून जाते. याहून अधिक बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. म्हणजे वीस पिशव्या रक्त दिले की चार ते पाच ग्रॅम लोह आत गेले, एका माणसाच्या वाट्याचे सगळे लोह पुन्हा एकदा! रक्ताने जीव वाचतो हे खरे. पण त्या रक्ताचे ऋण यकृताच्या खात्यावर चढत जाते.

या सगळ्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी मिळतात. चरबी, दारू, विषाणू, लोह, कोणीही मारा केला तरी यकृत जखम भरण्यासाठी तंतू विणते. मारा चालू राहिला तर तंतूंचे पडदे होतात, मऊ अवयव गाठीगाठींचा आणि कठीण बनतो. यास सिरोसिस म्हणतात.

एक मूठ कापूस

मग 'किती' हे ओळखावे कसे? आम्ही शिकत होतो तेव्हा हाताची बोटे बरगडीखाली दाबून यकृताचा काठ चाचपावा, मऊ की कठीण ते सांगावे, ही पहिली परीक्षा असे. ती आजही करावी. परंतु बोटांना कठीण लागावे इतके यकृत कठीण झाले म्हणजे उशीरच झालेला असतो. सोनोग्राफी स्वस्त, सुरक्षित आणि गावोगाव उपलब्ध. ती चरबी दाखविते. पण ती थोडी असेल तर तिच्या नजरेतून पुष्कळदा निसटते, आणि 'ग्रेड वन', 'ग्रेड टू' हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा अंदाज असतो. दोन डॉक्टरांचे अंदाज दोन होतात.

म्हणून अखेरचा शब्द सुईचा, म्हणजे बायॉप्सीचा मानला जाई. बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा दोरीएवढा बारीक, इंच-पाऊण इंच लांबीचा तुकडा काढावयाचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. १९५८ साली मेंघिनी या इटालियन वैद्याने ही सुई एका सेकंदात आत जाऊन बाहेर येईल अशी युक्ती काढली, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. तिच्यापासून जे ज्ञान मिळाले ते मोठे आहे. परंतु तिची एक अडचण हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला आमच्यापेक्षा लवकर समजेल. व्यापारी गाडीतून एक मूठ कापूस ओढतो, बोटांनी धागा ताणून पाहतो आणि सगळ्या गाडीचा भाव ठरवितो. मूठ चांगल्या जागेची निघाली तर भाव चढतो, भिजलेल्या कोपऱ्यातली निघाली तर पडतो. सुईने काढलेला तुकडा म्हणजे यकृताचा सुमारे पन्नास हजारावा हिस्सा. विकार यकृतभर पसरलेला असला तरी सर्वत्र सारखाच दाट असतो असे नव्हे.

याचा अनुभव आमच्या घरचाच आहे. आमच्या एका मामांची काही वर्षांपूर्वी सुईने तपासणी झाली. 'विकार सौम्य' असा अहवाल आला. घरात पेढे वाटले नाहीत एवढेच. बाकी सर्वांचा जीव भांड्यात पडला आणि मामांची जुनी दिनचर्या पूर्ववत सुरू झाली. दीड वर्षाने एका रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली. सिरोसिस पूर्ण पिकलेला होता. यात दोष कोणा डॉक्टरचा नव्हता. मूठ चांगल्या जागेची निघाली होती. पण तेव्हापासून एका नमुन्यावर घर निर्धास्त होते, याची आम्हांस धास्ती वाटू लागली. शिवाय सुई दुखते, हजारांत थोड्यांना रक्तस्रावही होतो, आणि ती दर वर्षी पुन्हा टोचून घ्या असे कोणास सांगावे? सबंध गाडीतला सगळा कापूस, गाडी न उपसता, जोखण्याची काही सोय हवी होती. ती सोय लोहचुंबकाने केली.

लोहचुंबकाच्या पोटात

एमआरआय म्हणजे मोठ्या लोहचुंबकाचे नळकांडे. आपल्या रुग्णालयांतून सामान्यतः जे यंत्र असते त्याची शक्ती दीड टेस्ला, म्हणजे ज्या पृथ्वीच्या चुंबकत्वाने होकायंत्राची सुई फिरते त्याच्या सुमारे तीस हजार पट. माणसाच्या शरीरात पाणी पुष्कळ, चरबी थोडी, दोहोंतही हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. तो स्वतःच एक इवलासा लोहचुंबक आहे. यंत्राच्या क्षेत्रात हे प्रोटॉन कलत्या भोवऱ्याप्रमाणे डुलू लागतात, आणि दीड टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष फेऱ्या घेतात. त्याच वेगाची रेडिओलहर त्यांना दिली की ते एका तालात येतात, आणि लहर थांबविली की स्वतःच क्षीण रेडिओलहर सोडतात. ती ऐकावयाची, एवढाच या विद्येचा गाभा.

ही गोष्ट ब्लॉख आणि पर्सेल या दोन शास्त्रज्ञांनी १९४६ साली स्वतंत्रपणे शोधली आणि १९५२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ती नळीतल्या द्रवांपुरती होती. तिच्यापासून चित्र काढता येईल हे लॉटरबर यांनी १९७३ साली दाखविले. त्यांना आणि ब्रिटनच्या मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. यात क्ष-किरण नाहीत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी करावयास त्यामुळे हरकत नाही.

सामान्य माणसाचा समज असा की, एमआरआय हा फार चांगला फोटो. पसरलेल्या यकृतविकारात नुसता फोटो कामाचा नाही; सगळे यकृत सारखेच करडे दिसते. येथे या यंत्राचा उपयोग तराजूसारखा करावयाचा असतो. ते तीन गोष्टी जोखते: चरबी, लोह आणि कडकपणा.

चरबी : बेरीज आणि वजाबाकी

पाण्यातला प्रोटॉन आणि चरबीतला प्रोटॉन यांच्या वेगात किंचित फरक असतो. सेकंदाला कोट्यवधी फेऱ्यांत चरबीचा प्रोटॉन अवघ्या सव्वादोनशे फेऱ्यांनी मागे पडतो. गोल मैदानावर दोन मुले पळत आहेत असे समजा. एक किंचित हळू. काही वेळाने दोघे मैदानाच्या समोरासमोरच्या टोकांना असतील, आणखी तेवढ्याच वेळाने पुन्हा बरोबर येतील. यंत्रात ही समोरासमोरची स्थिती सुमारे २.३ सहस्रांश सेकंदाला येते आणि बरोबरीची ४.६ सहस्रांश सेकंदाला. दोघे बरोबर असताना त्यांचे आवाज मिळून येतात, म्हणजे पाणी अधिक चरबी. समोरासमोर असताना एकमेकांस छेदतात, म्हणजे पाणी वजा चरबी.

आता हे चौथीच्या मुलाचे गणित झाले. दोन संख्यांची बेरीज १००, वजाबाकी ६०. तर संख्या कोणत्या? ८० आणि २०. म्हणजे यकृतात चरबीचा वाटा २० टक्के. ही युक्ती डिक्सन यांनी १९८४ साली मांडली. आज दोनऐवजी बहुधा सहा क्षणी मोजणी करतात, त्यामुळे लोहाने होणारी चूक दुरुस्त होते आणि पाणी कोणते, चरबी कोणती, हा घोटाळाही राहत नाही. सारे यकृत एका श्वासात, पंधरा-वीस सेकंदांत, मोजून होते. हा आकडा पाच टक्क्यांच्या आत असला तर चरबी नाही असे समजावे. 'ग्रेड वन' या अंदाजाच्या जागी १८ टक्के असा आकडा आला, आणि सहा महिने चालणे-फिरणे, साखर कमी करणे यानंतर तो ११ झाला, तर रोग्याला जो हुरूप येतो तो उपदेशाने येत नाही.

लोह : तुटणारा ताल

लोहाची मोजणी याहून साधी. भजनात शंभर टाळकरी एका तालात वाजवीत आहेत. मध्येच काही खोडकर पोरे शिरून जागोजागी ताल चुकवू लागली, तर शंभरांचा एक नाद राहत नाही, तो विरतो. पोरे जितकी जास्त, तितका तो लवकर विरतो. यकृतात साठलेले लोहाचे कण नेमके हेच करतात. त्यांच्या आसपासचे चुंबकत्व खालीवर होते, प्रोटॉनांचा ताल मोडतो आणि रेडिओलहर झपाट्याने विझते. लोहाने भरलेल्या यकृताची लहर एक-दोन सहस्रांश सेकंदांतच मावळते आणि चित्रात ते कोळशासारखे काळे दिसते. किती वेगाने मावळली यावरून एक ग्रॅम सुक्या यकृतात किती मिलिग्रॅम लोह, हे काढता येते. निरोगी माणसात हा आकडा दोनच्या आत. सातच्या पुढे तो काळजीचा. पंधराच्या पुढे गेला तर हृदयासही धोका.

रक्तातील फेरिटिन या तपासणीने लोहाचा अंदाज येतो हे खरे, परंतु ताप, सूज, सिकलसेलचा कळांचा झटका यांनीही फेरिटिन वाढते. त्यामुळे लोह बाहेर काढणारे औषध केव्हा सुरू करावे, किती द्यावे, या औषधाने खरोखर काही निघाले काय, याचे उत्तर चुंबक अधिक भरवशाने देतो. पूर्वी यासाठी लहान मुलाच्या यकृतात सुई घालावी लागे. ती चुकली, हीच त्या घरच्या आईच्या दृष्टीने या यंत्राची सगळ्यांत मोठी कमाई होय.

कडकपणा : यंत्राचा हात

तिसरे माप कडकपणाचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. माणूस पुढे किती जगेल, त्याला कोणत्या अडचणी येतील, हे चरबीपेक्षा तंतूंवर अधिक अवलंबून असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली चुंबकाने कडकपणा मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. रोग्याच्या उजव्या बरगड्यांवर थाळीएवढी एक पोकळ चकती बांधतात. तिला नळीने हवा पोचते आणि ती सेकंदाला साठ वेळा थरथरते. या थरथरीच्या लाटा यकृतातून पसरतात आणि यंत्र त्यांचे चित्र टिपते. मऊ पदार्थात लाट हळू चालते, कठीण पदार्थात वेगाने. निरोगी यकृतात दोन लाटांमधील अंतर सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास असते, सिरोसिस झालेल्या यकृतात साडेतीनच्या वर जाते. त्यावरून किलोपास्कल या मापात आकडा काढतात. अडीचच्या आत असले तर यकृत मऊ. पाचच्या पुढे गेले तर बहुधा सिरोसिस. मधला टप्पा हाच उपायाचा टप्पा.

वैद्य पूर्वी बोटांनी जे चाचपीत होता तेच हे यंत्र चाचपते. फरक इतकाच की त्याचा हात बरगडीच्या आत पोचतो आणि तो एक मूठ न पाहता गाडीचा बराच मोठा भाग पाहतो.

कोठे फसते

कोणत्याही यंत्राची स्तुती करताना त्याची उणीव सांगितली पाहिजे, नाहीतर ती जाहिरात होते. यकृतात लोह फार साठले असेल तर लहरच उरत नाही, आणि कडकपणाची नेहमीची मोजणी फसते. नुकतेच जेवण झाले असेल, ताजी कावीळ असेल किंवा हृदय दुबळे होऊन यकृतात रक्त तुंबले असेल, तर तंतू नसतानाही आकडा वाढतो. म्हणून चार-सहा तास उपाशीपोटी जावे. काही प्रकारचे पेसमेकर, शरीरातील काही धातू, यांमुळे तपासणी करता येत नाही. आधी सांगणे हे रोग्याचे कर्तव्य. नळकांड्यात काहींचा जीव घाबरतो, यंत्राचा खडखडाटही मोठा. आणि विकार कशामुळे झाला, हे पुष्कळदा आकडा सांगू शकत नाही. त्यासाठी काही रोग्यांत सुईलाच शरण जावे लागते. चुंबकाने सुईला रजा दिलेली नाही, तिचे काम कमी केले आहे.

कोणी जावे, कोणी जाऊ नये

आता खर्चाचा प्रश्न. सेवाग्रामचे नाव घेतल्यावर तो टाळता येत नाही. १९३६ साली गांधीजी शेगावला राहावयास आले. त्यांच्या सहवासात वाढलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबांच्या नावाच्या तेथील रुग्णालयाच्या आधाराने १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वैद्यकीय महाविद्यालय उभारले. खेड्यात उभे राहिलेले देशातले असे हे पहिलेच. त्या रुग्णालयात आज एमआरआयचे यंत्र आहे, पलीकडे सावंगीच्या रुग्णालयातही आहे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींच्या भूमीत हे शोभते काय? त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद स्वतःच मान्य केला होता, कारण त्यात माणसाचे श्रम हलके करण्याची माया होती. सुईचे दुखणे वाचविणारे यंत्र त्याच न्यायाने शोभते. शोभत नाही ते ज्याला गरज नाही त्याला नळकांड्यात घालणे आणि त्यासाठी त्याने बैल विकणे.

म्हणून क्रम सांगतो. सर्वांत आधी चौकशी: दारू किती, मधुमेह आहे काय, पोटाचा घेर किती, रक्त किती वेळा चढविले. मग कावीळ 'ब' आणि 'क' यांची रक्ततपासणी. नंतर एक साधे गणित, जे तालुक्याच्या गावीही करता येते. रोग्याचे वय आणि रक्तातील एएसटीचा आकडा यांचा गुणाकार करावा. त्याला प्लेटलेट (हजारांत) आणि एएलटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे. समजा, आर्वीच्या एका गृहस्थांचे वय ४५, एएसटी ६०, एएलटी ६४, प्लेटलेट दीड लाख. म्हणजे २,७०० भागिले १,२००, उत्तर २.२५. हे उत्तर १.३ च्या आत असते तर तंतू फार वाढले नसावेत असे समजून त्यांना पथ्य सांगून घरी पाठविता आले असते. पासष्टीच्या पुढच्या माणसाला ही मर्यादा २ धरतात. उत्तर वर आले, म्हणून आता पुढची पायरी. बरगडीवर ठोका देऊन कडकपणा सांगणारे फायब्रोस्कॅन हे लहान यंत्र जेथे असेल तेथे आधी ते. आणि तेथेही उलगडा झाला नाही, किंवा लोह मोजावयाचे असेल, तर एमआरआय. या क्रमाने गेल्यास शंभरांतल्या थोड्यांनाच चुंबकापर्यंत जावे लागेल, आणि ज्यांना जावे लागेल त्यांचे जाणे सार्थकी लागेल. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला तर एवढेच विचारावे: यातून कोणता आकडा मिळणार, आणि त्या आकड्याने माझ्या औषधात काय बदलणार? या प्रश्नाला उत्तर असेल तर जावे.

आकडा मिळाल्यावर काय, हे सांगितल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. पूर्वी वैद्यकाची पुस्तके सांगत की, यकृतात एकदा तंतू विणले की ते कायमचे. आता ठाऊक झाले आहे की, मारा थांबला तर तंतू विरघळू लागतात. अगदी शेवटची अवस्था नसेल तर यकृत पुष्कळसे सावरते. ज्याच्या यकृतात चरबी आहे आणि वजन जास्त आहे त्याने ते शेकडा सात ते दहा कमी केले तर सूज उतरते. 'क' कावीळ सामान्यतः तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते, 'ब' ताब्यात ठेवता येते. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत आहेत. 'ब' ची तर लसही आहे, आणि तिचा पहिला डोस बाळ जन्मल्याबरोबर द्यावयाचा असतो. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी २०२३ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली. आणि दारू? ती सोडल्यावर यकृत जितके सुधारते तितके कोणत्याही औषधाने सुधारत नाही.

आमच्या मामांच्या वेळी हे मोजमाप आमच्या आवाक्यात नव्हते. ते असते तर मामा वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. माणूस आकडा ऐकूनही वाट सोडीत नाही, हे आम्ही पाहिले आहे. परंतु दीड वर्ष जे घर निर्धास्त झोपले ते जागे राहिले असते. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने कपाटातला तो सोनोग्राफीचा कागद बाहेर काढावा, त्यावरची तारीख पाहावी आणि गावच्या डॉक्टरांकडून वरचे साधे गणित करून घ्यावे. वीस मिनिटांचे काम आहे.